त्याला जरा साधा शर्ट द्या

नाटकवाल्यांच्या कपडेपटात एक नियम कुठे लिहिलेला नाही, पण पाळला मात्र कसोशीनं जातो. नायिका शेवटी ज्याला नाही म्हणणार आहे, त्याच्या अंगावर नायकापेक्षा चांगला शर्ट दिसता कामा नये. नायकाला गडद निळा, मरून, फार तर कडक इस्त्रीचा पांढरा. दुसऱ्याला बिस्किटी. बिस्किटी शर्टातला माणूस सज्जन वाटतो आणि डोळ्यांत भरत नाही, असा दिग्दर्शकांचा पिढीजात समज आहे. वर रंगपटात जाताजाता आणखी एक सूचना होते, ‘त्याचा भांग जरा चापून बसवा रे.’ एवढा बंदोबस्त करूनही मध्यंतरात वड्याच्या रांगेत बायका बोलत असतात ते त्या बिस्किटी शर्टाबद्दलच.

हे मी विंगेतून पाहिलेलं सांगतोय. पिंपरीत संत तुकाराम नगरात महापालिकेचं आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. जवळच वायसीएम रुग्णालय, थोडं पलीकडे वल्लभनगरचा एसटी स्टँड, आणि मार्च २०२२ पासून मुंबई-पुणे रस्त्यावर डोक्यावरून जाणारी मेट्रो. पुण्यातल्या बालगंधर्व किंवा भरत नाट्यमंदिरासारखा इथे जुन्या आठवणींचा रुबाब नाही. इथला प्रेक्षक सुट्टीच्या दिवशी पोराबाळांसह येतो, डबा खाऊन येतो आणि पटलं नाही तर खुर्चीवरूनच बोलतो. इथल्या हौशी मंडळांतले नट म्हणजे कारखान्यांतली माणसं. कामगार कल्याण मंडळाची नाट्यस्पर्धा, गणेशोत्सव, कंपनीचं गॅदरिंग, अधूनमधून स्वखर्चाचा एखादा प्रयोग. अशा मंडळांत मी प्रॉम्प्टिंग करत आलो. प्रॉम्प्टरला नाटक समोरून कधीच दिसत नाही. त्याला नटांचा एक कान दिसतो, पडद्यामागचे धावणारे पाय दिसतात आणि पहिल्या चार रांगांतली माणसं दिसतात. कुणाच्या कोणत्या वाक्याला त्या माणसांचे चेहरे हलतात, हे त्याच्याइतकं दिग्दर्शकालाही कळत नाही.

आमच्या पट्ट्यात ‘दुसरा हीरो’ कसा निवडतात, हे सांगितलं तर मुंबईच्या नाटकवाल्यांना खरं वाटत नाही. अभिनयावर नाही, पाळीवर निवडतात. ज्याला जनरल शिफ्ट आहे तो रोज संध्याकाळी तालमीला मोकळा, म्हणून तो नायक. ज्याची पाळी दर आठवड्याला फिरते, पहिली, दुसरी, मग रात्र, तो दोन आठवडे अर्धवट आणि एक आठवडा गायब. त्याला कोण चार अंकी प्रेम करायला देणार? त्याला चार एंट्र्यांचं काम. नायिकेचा बँकेतला सहकारी, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, लहानपणचा मित्र, अमेरिकेहून सुट्टीवर आलेला इंजिनिअर. परिणाम असा, की कित्येकदा मंडळातला सर्वांत कसलेला नट प्रेसशॉपमध्ये फिरत्या पाळीवर असतो आणि स्टोअर्समधला एखादा बरा दिसणारा गृहस्थ नायक होतो. ज्याला नाकारायचं तोच जास्त चांगलं काम करतो. मग लेखकानं काहीही लिहिलेलं असो.

अशाच एका नटाचा किस्सा. कौटुंबिक नाटक होतं, हलकंफुलकं. याचं काम बँकेतल्या सहकाऱ्याचं. नायिकेच्या वडिलांच्या आजारपणात हा धावपळ करतो, औषधं आणतो, आणि दुसऱ्या अंकात एकदाच, चाचरत, तिला विचारतो. ती नाही म्हणते. संहितेत पुढे कंसात दोनच शब्द होते: तो जातो. पहिल्या प्रयोगाला हा गेला, दारापर्यंत जाऊन परत आला, खुर्चीवर पडलेली तिची ओली छत्री उचलली, झटकली, कोपऱ्यात उघडून वाळत ठेवली आणि मग गेला. तालमीत यातलं काहीच नव्हतं. एक्झिटला अशी टाळी पडली की नायिकेचं पुढचं वाक्य त्यात बुडालं. मी विंगेतून ते पुन्हा दिलं, तेही बुडालं.

दिग्दर्शक वैतागला. टाळी वाईट नव्हती, पण ती चुकीच्या माणसाला पडली होती. त्या टाळीनंतर प्रेक्षक नायिकेकडे ‘हिला काही कळतं का’ अशा नजरेनं बघायला लागले आणि तिसऱ्या अंकातला नायकाशी समेट पार थंड गेला. आता त्या नटाला रागावता येईना, कारण त्याच्यासारखा दुसरा मिळणार नव्हता. मग दिग्दर्शकानं जुनी युक्ती काढली. एक्झिटची टाळी मारायची असेल तर त्याच क्षणी फोनची घंटा वाजवायची. प्रेक्षकाचे हात वर येता येता थांबतात. पुढच्या प्रयोगाला छत्री वाळत पडली आणि ध्वनीवाल्यानं घंटा दिली. आमचा गडी दारात थांबला. फोनकडे बघितलं. तो फोन नायकाचा आहे हे सगळ्या थिएटरला माहीत होतं. तो मागे आला, रिसीव्हर उचलला, ‘हॅलो’सुद्धा न म्हणता तिच्या हातात दिला आणि निघून गेला. मी माझ्या टॉर्चच्या उजेडात पहिली रांग बघत होतो. एक काकू चक्क उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

हे असं का होतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माझं उत्तर लेखकांना फारसं आवडत नाही. कारण त्यात लेखकाला विशेष जागाच नाही. रंगमंचावर प्रेमाचा प्रसंग बसवताना नायक-नायिकेला एकमेकांकडे बघावं लागतं. बघितलं की दोघंही प्रेक्षकांना आडवी होतात. एकाचा डावा गाल, दुसरीचा उजवा गाल. शिवाय नायकाला ते अवघड वाक्य बोलायचं असतं. मराठी नटाला तलवार चालव म्हटलं तर तो चालवेल, पण ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे साध्या आवाजात म्हण म्हटलं की त्याच्या मानेची शीर ताणते. आणि तिसरा? तो कुठे उभा असतो? पुढच्या कोपऱ्यात, खांबाजवळ किंवा जिन्याच्या पायरीवर, तोंड पूर्णपणे प्रेक्षकांकडे. त्याला वाक्य नाही, फक्त ऐकायचं आहे. म्हणजे त्या दोघांच्या प्रेमाचं जे काही होतंय ते आपल्याला वाचायला मिळतं या तिसऱ्याच्या चेहऱ्यावर. प्रकाशयोजनेत त्याला कितीही मंद ठेवा, डोळा तिकडेच जातो. कित्येक प्रयोगांत मी पहिल्या रांगेतल्या बुबुळांची दिशा बघितली आहे. नायक बोलत असतो आणि माणसं खांबाकडे बघत असतात.

बरं, हा कोपरा आजचा नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘संगीत मानापमान’ पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते १२ मार्च १९११ ला. गोविंदराव टेंबे यांचं संगीत, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली आणि तरीही ते रंगले, ही हकिगत प्रत्येक नाटकवाल्याला तोंडपाठ आहे. दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ ला, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले. त्या रात्रीच्या गोष्टी सांगणारे लोक या दोन गळ्यांबद्दल तासभर बोलतात. पण त्या नाटकात भामिनीचा आणखी एक उमेदवार आहे, श्रीमंत आणि भित्रा लक्ष्मीधर. त्याचं नाव त्या तासाभरात येत नाही.

लक्ष्मीधर रंगमंचाच्या त्याच कोपऱ्यात उभा आहे, तोंड प्रेक्षकांकडे. फक्त त्याला तिथे हसं करून घ्यायला उभं केलं आहे. जुन्या संगीत नाटकाची ती रीतच होती. नाकारायचा माणूस आधीच इतका फजीत करायचा की नायिकेच्या निवडीवर कुणी बोट ठेवू नये. देवलांच्या ‘शारदा’तला म्हातारा भुजंगनाथ तर त्याहून सोपा, त्याला बघताच थिएटर शारदेच्या बाजूनं. लक्ष्मीधर गाजवला तो गणपतराव बोडसांनी. आणि हे लक्षात घ्या, की हेच बोडस पुढे ‘एकच प्याला’तले सुधाकर झाले. म्हणजे त्या काळीही हे काम कच्च्या नटाला देत नव्हते. विनोदाला टायमिंग लागतं, आणि फजिती होत असताना माणूस म्हणून उभं राहावं लागतं. माझा अंदाज असा की मराठी रंगभूमीवरचा सज्जन दुसरा उमेदवार या विदूषकी उमेदवाराच्याच पोटी जन्मला. नट तोच, कोपरा तोच, फक्त हळूहळू हसणं बंद झालं.

ते बंद होतानाचा एक विलक्षण नमुना गडकऱ्यांनी लिहून ठेवला आहे आणि आपण तो कात्रीनं कापत आलो आहोत. ‘एकच प्याला’ म्हटलं की सुधाकर, सिंधू आणि तळीराम. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि नाटक रंगमंचावर आलं फेब्रुवारीत, बडोद्याला. या नाटकात सुधाकरचा मित्र रामलाल आहे. सुधाकरची बहीण शरद बालविधवा. रामलाल तिच्याकडे वडिलकीच्या नात्यानं बघतो, तिचं भलं चिंततो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपलं मन वडिलकीच्या हद्दीत राहिलेलं नाही. शरदचा जीव गुंतलाय तो दारूतून सावरलेल्या भगीरथात. रामलालला मत्सर वाटतो, मत्सराची लाज वाटते, आणि तो बाजूला होतो. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी नाटककारानं हे लिहिलं आहे! सुशिक्षित, सुधारक, सज्जन माणूस, आणि त्याला आपल्याच सज्जनपणाचा संशय. मला विचाराल तर त्या नाटकातला सर्वांत आजचा माणूस रामलाल आहे. पण आमच्यासारख्या मंडळांनी ‘एकच प्याला’ करायला घेतलं आणि नाटक अडीच तासांत बसवायची वेळ आली की पहिली कात्री इथेच. ‘दारूचं नाटक आहे, यांचं काय मध्येच,’ असं म्हणून पानंच्या पानं उडतात. मी माझ्या प्रतीत ती पानं पेन्सिलीनं खोडलेली आहेत, पेनानं नाही.

अत्र्यांच्या नावाच्या रंगमंदिरात बसून अत्र्यांचा दाखला न देणं बरं दिसणार नाही. गडकऱ्यांना गुरू मानणाऱ्या अत्र्यांनी १९३६ मध्ये ‘लग्नाची बेडी’ लिहिलं. डॉक्टर कांचन, त्यांची बायको यामिनी आणि सिनेनटी रश्मी. नाटकाचं नाव लग्नाच्या बाजूचं, शेवट संसाराच्या बाजूचा. पण तिकीटबारीवर माणसं यायची ती रश्मीला बघायला. पुढच्या काळात पद्मा चव्हाण रश्मी करायच्या, तेव्हा जाहिरातीत मोठं नाव कुणाचं असणार हे सांगायला नको. यामिनीचं काम करणाऱ्या नटीला किती सोसावं लागत असेल याचा विचार मी नेहमी करतो. शेवटी नवरा तिला मिळतो, टाळी मिळत नाही. आमच्याकडे हे नाटक करायचं ठरलं की रश्मीसाठी भांडणं आणि यामिनीसाठी मनधरणी. एका वर्षी तर यामिनी करायला कुणीच तयार होईना, शेवटी कॅशिअरच्या बायकोला पुढच्या नाटकात मुख्य काम देण्याच्या बोलीवर उभं केलं.

लेखकानं ठरवलेली जोडी आणि प्रेक्षकानं ठरवलेली जोडी यांच्या भांडणाचा सर्वांत गाजलेला किस्सा मात्र लंडनचा आहे. पु. लं.नी १९७५ मध्ये ज्यावरून ‘ती फुलराणी’ केलं, भक्ती बर्वेंनी जिची मंजुळा अजरामर केली, ते बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ १९१४ मध्ये लंडनला लागलं. प्रोफेसर हिगिन्सचं काम करणारा हर्बर्ट बीअरबोम ट्री हा थिएटरचा मालकही होता. शॉच्या मते एलायझानं प्रोफेसरशी लग्न करणं म्हणजे नाटकाचा सत्यानाश. ट्रीला धंदा कळत होता. शॉची पाठ वळली आणि ट्रीनं शेवटी, पडदा पडता पडता, एलायझाकडे फुलांचा गुच्छ फेकायला सुरुवात केली. झालं, सगळं लंडन समजायचं ते समजलं. शॉनं ते पाहिलं आणि भडकला. आणि पुढे १९१६ मध्ये नाटक पुस्तकरूपात निघालं तेव्हा त्यानं मागे एक लांबलचक लेख जोडला: एलायझानं फ्रेडीशी लग्न केलं. फ्रेडी म्हणजे तिच्यावर भाळलेला, बेकार, गोड स्वभावाचा पोरगा. नुसतं लग्न लावून शॉ थांबला नाही, त्या दोघांना फुलांचं दुकानही काढून दिलं.

आता हा दुसऱ्या हीरोचा केवढा विजय! खुद्द लेखक वकील म्हणून उभा. तरीही लोकांनी ते कधी मनावर घेतलं नाही. मला याचं आश्चर्य वाटत नाही. शॉनं फ्रेडीला लेखात बायको दिली, पण नाटकात कोपरा दिला नाही. फ्रेडी रंगमंचावर बावळटासारखा येतो आणि जातो. ऐकत उभा राहिलेला, एकटा, समोर तोंड केलेला असा तो आपल्याला फारसा मिळतच नाही. छापील पानावर लग्न लागतं, पण छत्री वाळत घालायची संधी मिळाली नाही तर टाळी कुठून यायची?

कादंबरीत तर रंगमंच नाही, मग तिथे काय? तिथेही मला हेच दिसतं. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची. आधी साहित्य अकादमी, मग १९७४ चं ज्ञानपीठ. तीन माणसं आळीपाळीनं स्वतःची गोष्ट सांगतात: ययाती, देवयानी, शर्मिष्ठा. लग्नाची बायको देवयानी. पण वाचून झाल्यावर आपल्या घरातल्या बायका कुणाबद्दल बोलतात ते आठवून बघा. शर्मिष्ठेला खांडेकरांनी स्वतःच्या तोंडानं बोलायला दिलं, म्हणजे तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. देवयानीला नकार देणाऱ्या कचाला असं बोलायला दिलेलं नाही, म्हणून तो आदरणीय राहिला, लाडका झाला नाही. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’वर २०१३ मध्ये संजय जाधवांचा सिनेमा आला तेव्हा आमच्या तालमीच्या खोलीत त्यातल्या दोघींवरून शिरीनवाले आणि मीनूवाले असे दोन तट पडले होते, आणि त्यात एक संपूर्ण तालीम वाया गेली होती. त्याबद्दल अधिक लिहीत नाही, दोन्ही तटांतली माणसं अजून मंडळात आहेत.

या सगळ्या खेळाला सरळ नकार देणारं एकच मराठी नाटक मला माहीत आहे. प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’, १९९१ चं, चंद्रकांत कुलकर्णींनी बसवलेलं आणि २०२२ मध्ये पुन्हा नव्या संचात आलेलं. त्यातली धाकटी विनी दोन मुलांवर एकाच वेळी प्रेम करते आणि मी कुणालाही नाही म्हणणार नाही, असं आईसमोर, बहिणींसमोर मांडते. दुसरा हीरो ही जागाच लेखकानं काढून टाकली. आमच्या मंडळात हे नाटक करायचं एकदा निघालं होतं. महिलांची कामं चार, तीही अशी. विषय तिथेच संपला. पण वाचन झालं त्या दिवशी एका नटानं विचारलं होतं, ‘मग यात शर्ट कुणाला बिस्किटी?’

मालिकांनी हा कोपरा मुंबईच्या स्टुडिओत नेला. तिथे कोपऱ्याची गरज नाही, कॅमेराच कोपऱ्यापर्यंत जातो. नायक-नायिका हसतात, की लगेच तिसऱ्याचा चेहरा, पाठीमागे बासरी; पुन्हा हसतात, पुन्हा चेहरा. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ ला झी मराठीवर सुरू झाली तेव्हा सगळं भांडण राधिका, गुरुनाथ आणि शनाया यांच्यात होतं. मग सौमित्र आला, राधिकेचा मित्र. भूमिका केली अद्वैत दादरकरनं, जो मुळात नाटक बसवणारा माणूस, म्हणजे कुठे उभं राहिलं की चेहरा दिसतो हे त्याला सांगावं लागत नसणार. वर्षानुवर्षं हा सौमित्र ऐकत उभा राहिला आणि घराघरातून मागणी सुरू झाली की हिचं याच्याशी लावा. आणि लावलं! मराठीत एवढ्या थाटामाटात दुसऱ्या नंबरच्या माणसाचं लग्न लागल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. आमच्या सोसायटीत लोकांना आनंद झाला. मला मात्र सौमित्र त्यानंतर निम्माच वाटायला लागला. लग्न झालं आणि तो तिच्याकडे तोंड करून उभा राहिला, म्हणजे आपल्याला आडवा झाला.

आमच्या मंडळात हल्ली वेशभूषा आणि प्रॉपर्टी बघायला कॉलेजच्या मुली येतात. त्या कोरियन मालिका बघतात. त्यांच्याकडे या आजाराला नावसुद्धा आहे, सेकंड लीड सिंड्रोम, आणि तो झाल्याचं त्या ताप आल्यासारखं सांगतात. त्यांनी मला ‘रिप्लाय १९८८’ नावाच्या मालिकेची गोष्ट सांगितली. एकाच गल्लीतली पाच पोरं, त्यातली एक मुलगी, देओक-सन. तिच्यावर दोघांचं प्रेम. तिचा नवरा कोण होणार, हे शेवटाजवळ येईपर्यंत गुलदस्त्यात. एका संध्याकाळी दोघंही तिच्याकडे धावतात. जंग-ह्वान गाडी हाणतो आणि सिग्नलमागून सिग्नल लाल लागतात. दुसरा, टेक, आपला महत्त्वाचा सामना सोडून आधी पोहोचलेला असतो. जंग-ह्वानला कळतं की दोष सिग्नलचा नाही, आपण कितीदा तरी घुटमळलो. हे सांगताना ती मुलगी इतकी हळवी झाली की मी म्हटलं, ‘अगं, नाशिक फाट्याला अडकला असता तर?’ ती म्हणाली, ‘काका, हसू नका. तो हरला ना, म्हणून मला आवडतो असं नाही. तो ज्या ज्या वेळी गप्प बसला ते फक्त आम्हाला माहीत आहे. तिला माहीतच नाही.’ तालमीला येणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांपेक्षा नेमकं बोलली पोरगी. मी हीच गोष्ट बुबुळांच्या दिशेवरून शोधत बसलो होतो.

प्रयोगानंतर रंगपटात येणाऱ्या प्रेक्षकांबद्दल एक वेगळा लेख होईल. छत्रीवाल्या नाटकाच्या वेळी एक आजी नातवाचा हात धरून आत आल्या. नायिका मेकअप उतरवत होती. आजींनी तिला खालीवर बघितलं आणि म्हणाल्या, ‘कामं छान करतेस गं, पण तुला माणसं ओळखता येत नाहीत.’ नायिका म्हणाली, ‘आजी, ते लेखकानं तसं लिहिलंय.’ आजी म्हणाल्या, ‘लेखकाला कुठे संसार करायचाय?’ मग त्यांनी विचारलं, तो छत्रीवाला कुठे आहे. तर तो नव्हता.

तो का नव्हता, याचा खुलासा करायला हवा. त्याचं काम दुसऱ्या अंकाच्या शेवटी संपायचं. नाटक संपून नमस्काराला सगळे उभे राहायचे तोवर रात्रीचे साडेदहा-अकरा. त्याला त्या आठवड्यात रात्रपाळी, आणि चाकणला जाणारी कंपनीची बस कुणासाठी थांबत नाही. दुसरा अंक संपला की तो बिस्किटी शर्ट हँगरला लावायचा, तोंड खोबरेल तेलानं पुसायचा, मागच्या दारानं बाहेर पडून मुख्य रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. कधी घाईत कानामागे मेकअप तसाच राहायचा. त्याचा लाइनवरचा सोबती आम्हाला सांगायचा, ‘काल पुन्हा पावडर लावून आला होता.’ इकडे नमस्काराला रांग लागायची, नायक, नायिका, वडील, मोलकरीण, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवता वाजवता त्याला शोधत राहायचे. ‘तो कुठाय, तो कुठाय’ असं पहिल्या रांगेतलं बोलणं मला विंगेत ऐकू यायचं.

तेच नाटक एका स्पर्धेला उतरवलं. तेव्हाही त्याची रात्रपाळी. तेव्हाही तो बसमध्ये. निकालाआधी परीक्षकांनी चार शब्द बोलायचे असतात, त्यात एक परीक्षक म्हणाले, की या प्रयोगातली सर्वांत धीट कल्पना म्हणजे दिग्दर्शकानं त्या नाकारलेल्या माणसाला शेवटच्या नमस्कारातही येऊ दिलं नाही. जो नायिकेच्या आयुष्यातून गेला तो रंगमंचावरूनही गेला. ती रिकामी जागा बोलते. आमचा दिग्दर्शक मान खाली घालून, हात जोडून, विनयानं ऐकत होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं. दिग्दर्शनाचं दुसरं पारितोषिक मिळालं.

पुढच्या वर्षी नवं नाटक. पुन्हा तोच नट, पुन्हा तसलंच काम, फक्त या वेळी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. रंगीत तालमीला दिग्दर्शकानं नमस्काराची रांग लावली आणि त्याला म्हणाला, ‘तू नको येऊस.’

‘सर, मला आता जनरल आहे,’ तो म्हणाला. ‘कायमची. सहाला सुटतो.’

‘असू दे. तू मागेच थांब.’

‘अहो, पण आई येणार आहे बघायला.’

दिग्दर्शकानं थोडा विचार केला. ‘निकाल लागू दे आधी,’ तो म्हणाला, ‘मग आईंना रंगपटात घेऊन ये.’